ओव्हनमागचं सॉकेट

"अहो, माझी पेन्सिल पाहिलीत का कुठे?"

मी भिंतीवर सॉकेटच्या खुणा करत होते. वळून पाहिलं तर नवा सुतार दारात उभा, आणि पेन्सिल त्याच्याच कानावर! मी बोटानं दाखवलं. तो हसला... मीही हसले, आणि पुन्हा भिंतीकडे वळले. नुसती मानच वळली होती, हे तीन आठवड्यांनी कळलं.

त्या रिकाम्या स्वयंपाकघराचं वायरिंग हे माझं पहिलं स्वतंत्र काम. कंत्राटदारकाकांनी आधीच बजावलं होतं, "एक चूक झाली, तर पुन्हा वडिलांच्या दुकानात बसून बल्ब विकायचे." तीन आठवडे मी तारा ओढल्या, त्यानं कपाटं उभी केली. मी त्याच्या भुशावरून बोलायचे, तो माझ्या वायरींत पाय अडकतो म्हणून कुरकुरायचा. सगळे त्याला 'दादा' म्हणत. माझ्या जिभेवर मात्र ते काही येईना. तो यायला उशीर झाला, की मला उगीचच करमायचं नाही.

शेवटच्या दिवशी ओव्हन आला. दोघांनी मिळून तो कपाटात ढकलला... आणि तो चार बोटं बाहेरच राहिला. मी वाकून मागे पाहिलं. सॉकेट मी बरोब्बर ओव्हनच्या मागे घेतलं होतं! ते शेजारच्या कपाटात हवं, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. आता प्लगच ओव्हनला आत जाऊ देईना.

तेवढ्यात काका आले. "हे काय?"

"कपाट उथळ झालंय, काका. चूक माझी," सुतार शांतपणे म्हणाला.

मला असा राग आला! "काही उथळबिथळ नाही. कपाट अगदी मापात आहे. सॉकेट मी चुकीच्या जागी घेतलंय."

काकांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मी चहा पिऊन येतो. तोवर बसला तर बसला, नाहीतर तुझं दुकान आहेच."

मी मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून खात्री केली. त्यानं बाजूच्या फळीला भोक पाडलं. मी सॉकेट काढून लाइन पलीकडच्या कपाटात नेली.

"खोटं का बोललात?" स्क्रू आवळत मी विचारलं.

"तुम्हाला काढलं, तर पुढच्या घरात मी भांडायचं कुणाशी?"

माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. त्यानं तो उचलून दिला, माझ्याकडे न बघता.

ओव्हन आत सरकला, कपाटाच्या कडेशी अगदी सपाट. स्विच दाबला, दिवा लागला. काकांनी कडेवरून बोट फिरवलं. "सोमवारी पुढचं घर. दोघंही वेळेवर या," एवढंच म्हणून ते गेले.

"पण ही चूक तुमच्याकडून झालीच कशी?" तो म्हणाला.

आता लपवून काय करायचं होतं? "तुम्ही पेन्सिल विचारायला आलात ना... त्यानंतर माझं लक्ष भिंतीवर राहिलंच नाही. मला तुम्ही आवडता — त्या दिवसापासून."

त्यानं कानावरची पेन्सिल काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"ती कानावर आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं."