अष्टमीची लागवड

"ओ मॅडम, हलू नका! हललात तर अजून खाली जाल."

गुडघ्यापर्यंत ऐरोलीच्या चिखलात रुतलेली क्षिप्रा… आणि होडीतला तो सावळा तरुण चक्क हसत होता! त्याने वल्हं पुढे केलं. ते धरून ती कशीबशी बांधावर आली, एक चप्पल मात्र चिखलातच राहिली.

"हसायला काय झालं? एमएस्सीचं काम आहे माझं," ती फणकारली. "कांदळाच्या शंभर शेंगा रोवल्या होत्या. एक राहिली नाही. दुसऱ्यांदा!"

"कवा रोवल्या?" तो धर्मा, जवळच्याच कोळीवाड्यातला.

"रविवारी. कॉलेजला सुट्टी असते ना."

धर्माने कपाळावर हात मारला. "अहो, खाडीला कुठला रविवार? पुनवेला लावल्यात, उधानाचं पानी घेऊन गेलं. अष्टमीला लावा. तवा भांग असतं, भरती छोटी, पानी इथवर चढत नाय. आठ दिवसांत मूळ धरतील."

 कांदळाची शेंग आधी झाडावरच रुजते, मग चिखलात पडते, हे क्षिप्राला तोंडपाठ होतं. तिथीचं मात्र तिला कुणी सांगितलंच नव्हतं! आणि सरांनी तर बजावलं होतं: या वेळी निम्म्या तरी जगल्या पाहिजेत, नाहीतर विषय बदल आणि लॅबमध्ये बस. मग खाडी संपली.

अष्टमी सोमवारी आली. क्षिप्राने सरळ लेक्चर बुडवलं. दोघं शेजारी शेजारी वाकून पुन्हा शंभर शेंगा रोवत होते.

"हे तिवराचं पान चाटून बघा."

"ई… खारट!"

"झाड खारं पानी पितं नि नको ते मीठ पानावर काढून टाकतं. तुमच्यासारखंच. रागावलात की सगळं बोलून टाकता, मग एकदम गोड."

"आगाऊच आहेस!" ती म्हणाली खरी, पण कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

अमावास्येला उधाण आलं. बघता बघता सगळी रोपं पाण्याखाली गेली. क्षिप्राचा जीव टांगणीला लागला.

"जातील का रे?"

धर्माने नुसता तिचा हात धरला. संध्याकाळी पाणी ओसरलं तशी ती चिखलात धावलीच. "साठ… एकसष्ट… बासष्ट! धर्मा, बासष्ट राहिल्या!"

तो हसला, आणि मग होडीकडे वळला. "झालं तुमचं काम. आता… कशाला याल हिकडं?"

"तुझ्यासाठी येईन," ती त्याच्याकडे रोखून बघत म्हणाली. "आवडतोस तू मला. जुईनगरला घरी मीच सांगणार आहे. बाबा आकांडतांडव करतील, करू देत. मी मागे हटणार नाही. तू हटशील?"

"मी? मरेपर्यंत नाय!" तो घाईघाईने म्हणाला. मग मान खाजवत पुटपुटला, "आय म्हनत होती… त्या पोरीला एकदा जेवायला घेऊन ये."

"कधी म्हणाली?"

"आठवडा झाला. माझीच हिंमत व्हत नव्हती."

"आठवडा!" क्षिप्राने त्याच्या दंडाला चिखलाचा हात पुसला. "मग आता उभा काय राहिलास? चल, भूक लागलीय मला."