ऐन सुरूरची पोच

गोवराच्या लशीची एक कुपी कमी पडली, तिथून हे सुरू झालं.

बिर लहसनच्या सरकारी औषध भांडारात वसीला तेव्हा मुख्य औषधनिर्माती होती. दक्षिणेकडच्या बेचाळीस आरोग्य केंद्रांना माल तिथूनच जाई. कुठं काय पाठवायचं ते आता माणसं ठरवत नसत. वर्षापूर्वी राजधानीतून एक नवी यंत्रणा आली होती. बंदरावरची शीतगृहं, भांडार, मालगाड्या, केंद्रं, सगळं तिनं एका धाग्यात ओवलं होतं. केंद्रानं मागण्याआधीच ती ओळखायची आणि पाठवून मोकळी व्हायची. भांडारातली माणसं तिला 'मुदब्बिर' म्हणत, घरचा कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्याला म्हणावं तसं.

त्या मंगळवारी नव्या ऐन सुरूरहून सलूहाचा फोन आला. सलूहा तिथली परिचारिका.

"मादाम, दहा आया पोरं घेऊन बसल्यात. पलीकडच्या तांड्यात गोवर निघालाय. माझी कुपी कुठंय?"

"पाठवली ना. बघते थांब."

वसीलानं पडद्यावर पाहिलं. कुपी निघाली होती. पण पत्ता नव्या ऐन सुरूरचा नव्हता. जुन्या ऐन सुरूरचा होता.

 जुनं ऐन सुरूर अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी ओढ्यानं नेलं होतं. त्यानंतर तिथं कोणी राहत नव्हतं; वाचलेल्यांनी दूर नवं गाव वसवलं होतं.

माल पोचवणारे लझहरकाका अंगणात गाडीच्या सावलीत भाकरीला हरीसाची तिखट चटणी लावून खात होते. ते गाबेसकडचे, या भागात नवे. वसीलानं विचारलं तसे ते हसले.

"बंद केंद्र? काहीतरीच काय मादाम! दर महिन्याला खोकं देतो की मी तिथं. बाई घेते."

"कोण बाई?"

"दाई असेल. दार अर्धंच उघडते, हात बाहेर काढते, पोच म्हणून माझ्या यंत्राच्या पडद्यावर बोट फिरवते. तोंड कशाला बघू मी? परक्या बाईच्या दारात उभं राहायचं म्हणजे..."

"कधी बोलली काही?"

"एकदाच. पहिल्या खेपेला. म्हणाली, उशीर झाला. मी म्हटलं, रस्ताच तसा आहे, बहिणी." काकांनी बोटं पुसली. "हात मात्र कायम ओले. पडद्यावर पाणी सांडायचं, मलाच पुसावं लागायचं."

वसीला खोलीत परतली आणि त्या केंद्राची वर्षभराची यादी उघडून बसली. पहिल्या महिन्यात बाळंतपणाचं सामान गेलं होतं: नाळेचा चिमटा, पातं, हातमोजे. पाठोपाठ जन्मल्याबरोबर टोचायची क्षयाची लस. मग दोन महिन्यांची, तीन महिन्यांची, सहा महिन्यांची. मध्ये एकदा तापाचं औषध, दात येण्याच्या सुमारास. आता बारावा महिना, गोवराची.

सगळं एकाच बाळाचं.

तिनं राजधानीतल्या तंत्रज्ञाला फोन लावला. तरुण आवाज होता, घाईतला.

"तिला शिकवायला जुन्या तीस वर्षांच्या नोंदी घातल्या होत्या, मादाम. त्यात हे केंद्र उघडंच राहिलं असेल. तुम्ही काढून टाका, दोन मिनिटांचं काम आहे." मग कळफलकाची टकटक ऐकू आली. "पण गंमत बघा... सगळ्या केंद्रांत थोडाफार अंदाज चुकतो. इथं एकदाही नाही. जेवढं पाठवलं, तेवढं वापरलं गेलंय."

"कुणी वापरलं?"

"ते तुमच्याकडच्यांनाच माहीत."

तेच तर वसीलाला माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी ती स्वतः त्या केंद्रात परिचारिका होती; औषधशास्त्र ती नंतर शिकली. अतिका नावाच्या पहिलटकरणीचे दिवस भरत आले होते आणि बाळ आडवं होतं. पोटावर हात ठेवून वसीलानं तिला सांगितलं होतं, "घाबरू नकोस, मी आहे ना." आणि दुसऱ्या दिवशी मावसबहिणीच्या लग्नाला निघून गेली होती. मागे दाई मब्रूका एकटी. अतिकाला कळा सुरू झाल्या आणि डोंगरावर ढग फुटला. दोघींपैकी एकीचंही प्रेत सापडलं नाही.

कुपी अजून गाडीतच होती. वसीला लझहरकाकांशेजारी जाऊन बसली.

"मी येते. तिथं थांबायचं, मग कुपी घेऊन नव्या गावाला."

गरम शहिली वारा सकाळपासून सुटला होता. वाळवंटातून आलेल्या धुळीनं भर दुपारी सूर्य विझल्यासारखा झाला होता. काकांनी दिवे लावून गाडी हाकली. काचेवर वाळू चरचर आपटत होती. घशात कोरडी माती. दोन तासांचा रस्ता.

जुनं ऐन सुरूर धुळीतून एकदम पुढ्यात आलं. छपरं नसलेल्या भिंती, बुंध्यापर्यंत गाळात गाडलेली खजुराची झाडं. एकटं केंद्रच उभं होतं, कारण ते सिमेंटचं. भिंतीवर पुराच्या पाण्याची तांबडी रेघ, माणसाच्या डोक्याच्याही वर.

"हेच," काका म्हणाले. "पण... दार असं नव्हतं, मादाम."

दार गाळात रुतलेलं होतं. तो गाळ दगडासारखा वाळला होता. अकरा वर्षांत ते कुणी हलवलं असेल असं वाटत नव्हतं.  काका गाडीजवळच थांबले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटू लागले.

वसीलानं थंड पेटी खांद्याला लावली आणि मागच्या खिडकीतून आत उतरली. पेटी काकांकडे का दिली नाही, ते तिला नंतरही सांगता आलं नाही.

आत वारा थांबला. म्हणजे त्याचा आवाजच थांबला. आणि वास आला, ओल्या गाळाचा. बाहेर महिनोन् महिने पावसाचा थेंब नव्हता आणि आत नुकतंच पाणी ओसरल्यासारखा वास! त्याच्या मागोमाग दुसरा, दुधाचा, तान्ह्याच्या मानेला येतो तसा.

बाळंतपणाच्या खोलीत गुडघाभर गाळ होता. फक्त टेबलाभोवती तो खरवडून काढलेला, फरशी पुसलेली. भिंतीवर बाळाच्या वजनाचा तक्ता. त्यावर दर महिन्याचा एक असे बारा ठिपके, रेघेनं जोडलेले. बाळ छान वाढत होतं. शेवटच्या ठिपक्याला वसीलानं बोट लावलं, तर शाई बोटाला लागली.

पलीकडच्या खोलीच्या पडद्यामागं कुणीतरी हळू आवाजात गुणगुणत होतं. मग बाळाला उचकी लागली.

"वसीला?..."

तो मब्रूकाचाच आवाज. दमलेला, पण रागावलेला नव्हता.

"आलीस. बरं झालं... सुई आणलीस ना? आज बारा महिने झाले."

 पेटीचा पट्टा वसीलानं दोन्ही हातांनी धरून ठेवला. त्या कुपीत दहा पोरांची लस होती. दहा आया भिंतीला टेकून वाट बघत बसल्या होत्या आणि शेजारी गोवर होता.

"मब्रूका," ती कशीबशी म्हणाली, "तिकडं... जिवंत पोरं आहेत गं."

गुणगुणणं थांबलं.

 मग दुसरा आवाज, कोवळा, अतिकाचा.

"तू म्हणाली होतीस, मी आहे ना..."

पडदा खालच्या कडेपासून हलू लागला, कुणीतरी रांगत येऊन तो धरावा तसा. वसीला वळून पळाली, मागं पाहिलं नाही. खिडकीच्या मोडक्या गजांनी हात सोलवटून निघाला, बूट गाळात राहिला. ती गाडीत पडली तेव्हा काकांनी इंजिन आधीच सुरू केलं होतं.

तासाभरात नव्या ऐन सुरूरला दहाच्या दहा पोरांना लस मिळाली. पोरं रडली, आया हसल्या. सलूहानं वसीलाच्या हाताला पट्टी बांधली, पुदिन्याचा चहा पाजला आणि काही विचारलं नाही. भांडारात परतल्यावर वसीलानं जुनं ऐन सुरूर यादीतून काढून टाकलं. मुदब्बिरनं एकदाच विचारलं: या केंद्राचा रुग्ण कुठल्या केंद्राकडं वळवायचा? उत्तर दिल्याशिवाय पान पुढं सरकेना. वसीला थकली होती. तिनं सगळ्यात जवळचं नाव, नवं ऐन सुरूर, निवडलं आणि खोली बंद केली.

त्यानंतर दोन आठवडे ती नीट झोपली. लझहरकाकांनी मात्र नोकरी सोडली.

तिसऱ्या आठवड्यात, लसीकरणाच्या दिवशी दुपारी, सलूहाचा फोन आला. मागं पोरांचा गलका होता.

"मादाम, एक नवी आई आलीय. ओढ्याच्या वरच्या अंगानं चालत आलेय म्हणते. सोबत एक म्हातारी आहे. बाळाची गोवराची सुई राहिली होती. मुदब्बिरनं आज एक कुपी जास्तच धाडली होती, तिच्यातून दिली मी. चाललं ना?"

वसीलानं पडद्यावर नव्या ऐन सुरूरचं पान उघडलं.

"गोड आहे हो पोर. कुणाकडंही जातं. इथल्या सगळ्या आयांनी कडेवर घेतलं, पोरांत खेळतंय. त्या दोघी आता इथंच राहायचं म्हणतात..." सलूहाचा आवाज खाली आला. "पण मादाम, सुई देण्याआधी ताप बघतो ना आपण? त्याला तापमापी लावली... तीनदा लावली. अंग गार, पारा जागचा हलत नाही. आणि आता... आता ज्या पोरांनी त्याच्याशी खेळून घेतलं, त्यांचाही हलत नाहीये."