मामाच्या गिटारची तिरपी घोडी

"थांबा, थांबा! बेसूर कोण वाजवतंय?" यशोदाबाईंनी गाणं मध्येच तोडलं.

समाजमंदिरातली तालीम थांबली. अश्विनमामाने गिटारवरून हात काढला. त्याचा चेहरा उतरला होता.

"मीच, बाई. मोकळ्या तारा सुरात लागतात, पण बोटं वर सरकवली की सगळं फाटतं!"

कोपऱ्यात बसलेली स्नेहा उठून पुढे आली. आज बुद्धपौर्णिमा! संध्याकाळी सात वाजता सातपूरच्या त्यांच्या कॉलनीतल्या मंडपात गायनाचा कार्यक्रम होता. यशोदाबाईंच्या नव्या गाण्यासाठी मामा महिनाभर कारखान्यातून आल्या आल्या गिटार घेऊन बसत होता. आणि ती गिटार साधीसुधी नव्हती. इतरांची इलेक्ट्रिक गिटार म्हणजे भरीव फळी, मामाची हॉलोबॉडी! तंबोऱ्यासारखी आतून पोकळ, पोटावर दोन वळणदार छिद्रं, आणि वायर जोडली की स्पीकरमधून मधासारखा आवाज.

"लाकूड वाकलं आसंल उन्हानं," कीबोर्डवाले कारभारीकाका घाईघाईने म्हणाले. ते मूळचे कळवणकडचे. "पोकळ गिटारीचं आसंच आसतं. ठिवून दे पेटीत. तुझा भाग मी वाजवतो ना!"

मामाने मान हलवली आणि गिटार पेटीत ठेवायला घेतली.

"मामा, आम्ही नुसती बघू?" स्नेहाने विचारलं.

"बघा. पण हात पुसून. आणि उन्हात नेऊ नका."

स्नेहा, तिचा धाकटा भाऊ बुद्धभूषण आणि शेजारचा आवेज, असे तिघे आतल्या खोलीत गेले. बुद्धभूषणने एक डोळा मिटून गिटारचा गळा न्याहाळला.

"वाकलाय कुठे? फुटपट्टीसारखा सरळ आहे!"

स्नेहाने मोबाइलवर सूर दाखवणारं ॲप उघडलं. "मोकळी तार आणि गळ्यावरच्या बाराव्या पट्टीवर दाबलेली तार, दोन्हींचा स्वर एकच यायला हवा. फक्त दुसरा वरच्या सप्तकातला. मामानेच शिकवलंय." तिने मोकळी तार छेडली. काटा बरोबर मधोमध! मग बाराव्या पट्टीवर तार दाबली. काटा टुणकन उजवीकडे उडाला, म्हणजे स्वर चढा लागत होता.

"म्हणजे तारेची लांबीच चुकलीय!" ती ओरडली.

"इकडे ये, स्नेहा! लवकर!" आवेजने गिटार खिडकीच्या उजेडाकडे कलती केली. तारा ज्या लाकडी घोडीवर टेकल्या होत्या, तिच्या मागे पॉलिशवर एक गडद पट्टा दिसत होता. "आमच्या वर्कशॉपमध्ये अब्बू जुनं टेबल पॉलिशला घेतात ना, तेव्हा फुलदाणी उचलली की खाली असाच ठसा असतो. भोवतालचं पॉलिश उडतं, झाकलेलं तसंच राहतं."

"म्हणजे घोडी आधी तिथे होती! पण ती चिकटवलेली नसते?" बुद्धभूषणने विचारलं.

"मुळीच नाही!" स्नेहा म्हणाली. "नुसत्या तारांच्या दाबाने उभी राहते. म्हणून मामा एका वेळी एकच तार बदलतो. आणि बघ, ठसा तिरपा आहे, घोडी मात्र सरळ बसलीय!"

घोडीच्या पायाशी काहीतरी अडकलं होतं. आवेजने नखाने अलगद ओढून काढलं. पिवळा धागा!

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कीबोर्ड पुसायचं पिवळं फडकं कारभारीकाकांच्या खांद्यावर कायम असायचं. आणि गेले दोन दिवस सगळी वाद्यं त्यांच्याच घरी होती!

"चला, विचारू या!" बुद्धभूषण निघालाच.

"थांब! 'मी नाही' म्हणाले तर?" स्नेहाने त्याचा शर्ट धरला. "त्यांच्याच तोंडून आलं पाहिजे."

बाहेर खीर वाटणं चाललं होतं. काकांच्या जवळ येताच स्नेहा मोठ्याने म्हणाली, "छे रे आवेज! काहीच हललेलं नाही. घोडी पहिल्यापासून अशीच सरळ होती."

"सरळ कुठली?" काकांना राहवेना. "चांगली तिरपी व्हती! म्याच तर सरळ..."

खिरीचा चमचा तोंडापाशीच थांबला.

सगळ्यांच्या माना वळल्या. काका ओशाळले. "लय धूळ बसली व्हती, अश्विन. म्हटलं, पौर्णिमेला चकाचक करू. साऱ्या तारा सैल केल्या, त घोडी हातातच आली! परत ठिवताना वाटलं, वाकडी कशाला बसवायची? मघाशी बेसूर ऐकून कळलं, पण सांगायची लाज वाटली रे."

"अहो काका, ती तिरपीच हवी!" मामा हसत सुटला. त्याच्या छातीवरचा दगडच उतरला होता. "जाड तारेला जरा जास्त लांबी लागते, बारीक तारेला कमी. पोरांनो, दाखवा ठसा!"

मामाने तारा थोड्याशाच सैल केल्या आणि दोन्ही हातांनी घोडी ठशावर सरकवली. मग तारा पुन्हा सुरात लावल्या. स्नेहाची नजर काट्यावर खिळली होती.

"अजून केसभर मागे, मामा! थोडीशीच! बस्स, बस्स!"

बाराव्या पट्टीवर तार वाजली. काटा मधोमध!

संध्याकाळी यशोदाबाईंनी वरचा सूर धरला आणि गिटार त्यांच्या सोबतीने अलगद वर चढत गेली. कुठेही चिरकली नाही! मागच्या रांगेतली माणसंसुद्धा उठून टाळ्या वाजवू लागली. बुद्धभूषणने तर शिट्टीच मारली.

गाणं संपल्यावर यशोदाबाईंनी तिघांना मंचावर बोलावलं. "चाळीस वर्षं गातेय मी. बेसूर ऐकू येतं सगळ्यांना. ते कुठून येतं हे शोधायला आज ही पोरं पुढं झाली!"

"आन् मला पकडायलाबी!" कारभारीकाका माइकवरच बोलले. मंडपभर हशा पिकला. काकांनी आवेजच्या पाठीवर थाप मारली. "पोरांनो, तुमच्याम्होरं आपण हरलो!"

मामाने गळ्यातला पट्टा काढून गिटार स्नेहाच्या हातात दिली. ती वाटली होती त्यापेक्षा हलकी होती, आणि मामाच्या हातांनी अजून उबदार.

"उद्या नव्या तारा चढवायच्यात," तो म्हणाला. "मी नाही, तू चढवणार आहेस."