चाळीस सेकंद

खोटं वाटलं तर वाटू द्या, पण हे पेडगावात घडलंय. मागची अमावस्या, दिवेलागणीची वेळ.

विरूपाक्ष गुरुजी गच्चीचा जिना चढत होते. गुडघे पार गेलेले. हातात रुद्रेशचं मनगटी घड्याळ.

रुद्रेश त्यांचा मुलगा, जहाजावर अधिकारी. सुट्टीत गच्चीवर ताऱ्यांचा सराव करायचा. यंत्राला डोळा लावून "टाइम!" म्हणायचा, आणि गुरुजी तो सेकंद वहीत लिहायचे. त्यावरून आपण कुठं आहोत ते निघतं म्हणे.

घड्याळ चाळीस सेकंद पुढं होतं. गुरुजी ते नीट लावायला गेले, तर पोरानं अडवलं.

"अप्पा, हात लावू नका. चूक ठाऊक असली की मी वजा करतो. चार सेकंद चुकले की समुद्रात माणूस एक मैल चुकतो."

तीन वर्षांपूर्वी तो जहाजावरून पडला. सापडलाच नाही. जहाजावरच्या खोलीत राहिलेलं घड्याळ तेवढं घरी आलं.

महिनाभरानं, सांजेला, रिकाम्या गच्चीवरून आवाज आला...

"टाइम!"

गुरुजींनी सेकंद लिहिला. बाप दुसरं काय करणार? तेव्हापासून रोज. एक सांज चुकली नाही.

पण माणूस थकतो हो. त्या अमावस्येला त्यांना वाटलं, पुरे झालं. रोज मोबाइलशी ताडायचं, चूक चाळीसच आहे ना बघायची, त्यापेक्षा एकदाचं बरोबर लावून टाकू. लावलं.

वही उघडून बसले. चांदण्या निघाल्या...

आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बोरीत दिलेल्या लेकीचा, त्रिवेणीचा फोन आला.

"अप्पा, आमच्या गच्चीवर रोज कुणीतरी 'टाइम' म्हणायलंय... दादाचा आवाज हाय."

गुरुजींनी वहीत हिशेब मांडला. चाळीस सेकंद म्हणजे दहा सागरी मैल. मावळतीकडं बोरी तेवढीच लांब.

पोरगा इमानानं चाळीस वजाच करायलाय, आणि घड्याळ नीट लावल्याचं बापानं त्याला सांगितलंच नाही.

त्यांनी घड्याळ पुन्हा पुढं केलं. सेकंदकाटा नीट दिसत नाही. नेमकं चाळीस काही जमेना.

त्या सांजेला पेडगावात आवाज आला नाही.

आणि बोरीतही नाही.

गुरुजी आजही रोज घड्याळ लावून बघतात, वही घेऊन वर बसतात. शेजारी जेवायला हाक मारतात, ते उठत नाहीत. मधल्या कुठल्या शिवारात उभा राहून पोरगा टाइम विचारायलाय, कोण जाणे.