दाजींची मुलतानी

ही हकीकत वाचून कुणाला हसायचं असेल तर हसू दे. आमचा सहदेवमामा एरवी पट्टीचा थापाड्या. पण ह्या एका गोष्टीत त्याने थाप मारलेली नाही. मारली असती तर निदान स्वतःला तरी चांगलं दाखवलं असतं.

साल १९८५. माघ महिना. आचऱ्याच्या अलीकडची एक वाडी.

आणि वेळ रात्रीची नाही, बरं का. दुपारी चारची. लख्ख उन्हातली.

मामा तेव्हा हायस्कुलात मास्तर होता आणि सोळा वर्षं दाजींकडे गाणं शिकत होता. दाजी म्हणजे आमच्या भागातले मोठे गवई. मुलतानी रागात त्यांनी बांधलेली एक बंदिश मुंबई-पुण्याचे गवईसुद्धा गायचे. तिची खुबी एकच. मुखडा समेवर यायच्या आधी एक हिसका बसतो. श्वास अडकावा तसा. मग सूर सैल सुटतो.

लोक विचारायचे, "दाजी, हे सुचलं कसं?"

दाजी सांगायचे, "खाडीत होडीत बसलो होतो. वल्हं गाळात अडकलं. तोच तो हिसका."

ऐकायला छान. पण मामाच्या मनात कायम पाल चुकचुकायची.

कारण दाजी होडीत बसतच नसत. होडीवाला समोर उभा असला तरी म्हातारा दोन कोसांचा वळसा घालून पुलावरून जायचा. अख्ख्या वाडीला ठाऊक होतं.

त्या माघात रेडिओची माणसं येणार होती. मुलतानीची जन्मकथा दाजींच्या तोंडून टेप करायला. आणि त्याच बैठकीत दाजी जाहीर करणार होते, की माझ्यामागे ही बंदिश सहदेवची. एवढ्यासाठी तर मामाने सोळा वर्षं दाजींची पेटी पुसली होती, बोलणी खाल्ली होती.

आदल्या दुपारी तो बैठकीच्या जागी, वाडीच्या देवळात गेला. तंबोरे लावून बघायला.

सभामंडपात कुणी नव्हतं. वारा नव्हता. त्याने पहिली तार छेडली...

मागून आवाज आला.

किर्रर्र... किर्रर्र... आणि एक हिसका.

विहिरीवरचा रहाट. कुणीतरी पाणी काढत होतं. मामाने लक्ष दिलं नाही. मग त्याची बोटं तारेवरच थांबली.

किर्रर्र... किर्रर्र... हिसका. मग दोर सैल सुटल्याचा आवाज.

मुखडा होता तो. मात्रेला मात्रा.

मामा उठून देवळामागे गेला. विहीर होती. रहाटाचे दोन खांब होते. मधलं चाक नव्हतं. दोर नव्हता. कठड्यावर गवत उगवलं होतं.

पलीकडे ओसरीवर सत्यवतीकाकी देवासाठी फुलांचे वळेसार, म्हणजे गजरे, करत बसली होती. जन्म तिचा देवळातली फुलं ओवण्यात गेलेला.

"काकी, पाणी कोण काढत होता गो?"

तिचा हात थांबला.

"तुकापण ऐकाक इला?" ती म्हणाली. "माका वाटला, माकाच येता."

मामा तिच्यासमोर बसला. मग हळूहळू निघालं ते असं. काकीची मावशी आनंदी. देवळात गाण्याची आणि देवाला पाणी घालण्याची सेवा तिची. रोज चारला ती पाणी काढी आणि काढता काढता गाणं म्हणी.

"आनी दाजी थंय दगडाच्या गडग्यार बसान वहीत लिवी. तरनो होतो तेवा. रोज येय."

"मगे?"

"मगे काय. एक दिवस पाण्याक गेली ती परत इलीच नाय. बावीत गळ घातले, काय गावला नाय. घागर तेवडी कठड्यार होती. भरलेली."

"आणि दाजी?"

काकीने फुलात सुई घातली. "चार दिसांनी मुंबैक गेलो. आदी खाडीत पवायचो रे तो. त्या दिसापासून पाण्यात पाय घालूक नाय."

संध्याकाळी मामाने दाजींसमोर विषय काढलाच. आडून आडून. "दाजी, आनंदी म्हणून कोणी..."

दाजी पान लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सहदेव, उद्या तुला माझी मुलतानी मिळायची आहे. काय विचारायचं ते विचार करून विचार."

मामाने विचारलं नाही. मला सांगताना तो सरळ म्हणाला, "हाव सुटली होती रे माका. दुसरा काय नाय."

दुसऱ्या दिवशी चार वाजता देऊळ भरलं. रेडिओवाल्यांनी टेप सुरू केला. आमच्याकडे कुठलंही काम देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. गावकार महादूने नारळ हातात धरला. तो एकेक मागणं मागणार आणि सगळ्यांनी होकार भरायचा.

"बा देवा म्हाराजा, आज ही लेकरां तुज्या दारात जमली आसत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" अख्खा मंडप घुमला.

"पावने इले आसत, तेंका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"ही मुलतानी दाजीन केल्यान. ती आज सहदेवाच्या हाती देता. तेका यश दी रे म्हाराजा..."

...

काहीच नाही.

दोनशे माणसांची तोंडं हलली. मामाने डोळ्यांनी पाहिली. त्याचंही हललं. आवाज कुणाचाच आला नाही.

महादू गोंधळून मागे वळला. आणि त्या शांततेत देवळामागून...

किर्रर्र... किर्रर्र... हिसका.

किर्रर्र... किर्रर्र... हिसका.

मग दगडावर भरली घागर ठेवल्याचा आवाज.

दाजी उठून उभे राहिले. तोंड विहिरीच्या बाजूला.

"सांगतंय गो," ते म्हणाले. "सांगतंय... नाव सांगतंय..."

तोंड उघडलं. ओठ हलले. पुढे शब्द नाही.

त्यानंतर दाजी दोन वर्षं जगले. बोलले मात्र कधीच नाहीत. कठड्यावरचं गवत त्या दिवशी ओलं होतं, ते मात्र पुष्कळांनी पाहिलं. रेडिओवाल्यांच्या टेपवर गाऱ्हाणं आहे म्हणतात. तिसऱ्या मागण्यानंतर नुसती रिकामी फीत फिरते.

वाडीतला प्रत्येक जण आजही शपथेवर सांगतो, "मी म्हटलंय व्हय म्हाराजा."

मामाला तेच खातं. "आवाज इलो नाय ता सोड," तो म्हणतो. "माका ठावक होता, तरी मी म्हटलंय."

मामाने मुलतानी पुन्हा गायली नाही. रेडिओवर लागली की दाजींचं नाव यायच्या आत तो खटका बंद करतो. आणि कुठल्याही गाऱ्हाण्यात तो उभा राहतो, तोंड उघडतो... पण ते दोन शब्द त्याच्या गळ्यातून फुटत नाहीत.

मला खोटं वाटायचं. म्हणून गेल्या जत्रेच्या गाऱ्हाण्यात मुद्दाम त्याला खेटून उभा राहिलो. कान लावून. खरंच, काही आलं नाही.

ही हकीकत लिहायचं मी त्याच सकाळी ठरवलं होतं. दाजींच्या घरच्यांना त्रास नको म्हणून नावं बदलायची, हेही ठरवलं होतं. बदलली आहेत.

आनंदीचंसुद्धा.

त्या गाऱ्हाण्यात मीही "व्हय म्हाराजा" म्हटलं. म्हटलं, हे नक्की.

पण मला माझा आवाज ऐकू आल्याचं काही केल्या आठवत नाही.