गिझर बंद केला का?

भयकथा म्हटली की लोकांना अमावास्या लागते, सुनसान रस्ता लागतो. माझ्याकडे त्यातलं काहीच नाही, आधीच सांगते.

हे घडलं भर दिवसा. एप्रिलमधल्या एका रविवारी, सकाळी साडेअकराला. सिंगापुरात, यिशुनमधल्या एका जुन्या इमारतीत, नवव्या मजल्यावर. खाली मुलं सायकली फिरवत होती आणि शेजारच्या घरात कुणीतरी मासे तळत होतं.

ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल तसं म्हणावं. हे खोटं निघालं तर सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल.

माझी मावसबहीण अनुया. इथल्याच नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये काम करते. तिची मुलगी जाई, सात वर्षांची. आणि नवरा सौमित्र.

सौमित्र फेब्रुवारीत गेला. एकोणचाळिसाव्या वर्षी. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत टेबलावर डोकं ठेवलं, सगळ्यांना वाटलं डुलकी लागली. डुलकी कसली, कपाळ!

अनुया रडली नाही. स्मशानात नाही, घरी नाही, नंतरही नाही. सगळी कामं करायची, विचारलं तेवढं बोलायची. मी सेरंगूनच्या माझ्या घरून डबा घेऊन जायचे तर म्हणायची, "ठेव नीताताई, खाते." दोन दिवसांनी गेलं की डबा तसाच.

आता गिझरचं सांगते, कारण सगळं त्याच्यापाशीच आहे.

सिंगापुरात बाराही महिने घाम, तरी आपल्या लोकांना आंघोळीला कढत पाणी हवंच. बादली आणि मगसुद्धा हवा, तो त्यांनी लिटल इंडियातून आणलेला. बाथरूममध्ये भिंतीवर टाकीचा गिझर. त्याचा स्विच बाहेर, दाराशेजारी. चालू केला की छोटा लाल दिवा लागतो.

जानेवारीत हा गिझर बिघडला. लावला की अख्ख्या घराची वीज जायची. घरमालकीण टॅन आंटी फोनवर स्वच्छ म्हणाली, "कॉल लायसन्स वन लाह. डोन्ट डू युअरसेल्फ." म्हणजे लायसन्सवाला इलेक्ट्रिशियनच बोलवायचा.

सौमित्र म्हणाला, "येस आंटी."

आणि फोन ठेवून स्टूल शोधायला गेला!

तो तसाच होता हो. मिक्सर, पंखे, जाईची सायकल, सगळं स्वतः उघडून बसायचं. "बाहेरचा माणूस कशाला? आपण काय मेलोय का?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. खरंच हेच म्हणायचा.

एक अख्खा शनिवार तो व्हिडिओ बघत त्या गिझरशी झटला. स्क्रूड्रायव्हर निसटून अंगठा फाडून घेतला, चार टाके पडले. पण संध्याकाळी गिझर सुरू! घरातली वीज परत कधी गेली नाही.

"झालं! काय होतं त्यात?" म्हणाला.

त्यांच्या घरात एक नियम होता, सौमित्रच्या आईने घालून दिलेला. पाणी तापलं की आधी गिझर बंद करायचा, मगच आंघोळीला जायचं. तुमच्याही घरी असेल. सौमित्र तो कडक पाळायचा. कुणी टॉवेल उचलला की याची हाक आलीच, "गिझर बंद केला का?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच उठून बंद करायचा.

टक्.

तो गेल्यावर हा नियम कोण पाळणार? अनुया गॅसवर दूध ठेवून विसरायची, तिथे गिझरचं काय!

मार्चमधली गोष्ट. सकाळचे सहा, जाईची शाळेची घाई. अनुयाने गिझर लावला, टॉवेल देऊन जाईला आत पाठवलं आणि डबा भरायला वळली.

स्विच तसाच चालू राहिला होता.

आणि मागून...

टक्.

तिने वळून पाहिलं. लाल दिवा बंद. तिथे कुणीही नाही.

तुम्ही आम्ही किंचाळलो असतो. अनुयाने डब्याचं झाकण लावलं. तिला काही वाटलंच नाही. आपणच बंद केला असेल, असं समजून ती कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी तिने मुद्दाम पाहिलं. गिझर लावला. पाणी तापलं. ती समोरच्या भिंतीला टेकून उभी राहिली, स्विचवर नजर ठेवून. आतून जाईचं गाणं ऐकू येत होतं. बादली सरकल्याचा आवाज आला. आता ती नळाकडे हात नेणार...

टक्.

स्विच तिच्या डोळ्यांदेखत आपोआप बंद झाला.

अनुयाने मला हे सांगितलं ते किराणाची यादी वाचावी तशा आवाजात. म्हणाली, "ताई, मला भीती नाही वाटली. छातीत काहीतरी हललं. पंचवीस दिवसांत पहिल्यांदा."

म्हणून मग ती गिझर मुद्दाम चालू ठेवायला लागली.

रोज. स्वतःच्या आंघोळीला आणि जाईच्याही. स्वतः आत गेली की नळापाशी हात नेऊन थांबायची. बाहेर टक् झालं की मग पाणी सोडायची. तेवढा एक आवाज ऐकला की दिवसभर कामं करता यायची. काय बोलणार? माझी बहीण त्या आवाजावर जगत होती, आणि मी डबे पोचवत होते.

मग तो रविवार आला.

जाईचे केस धुवायचे होते. अनुयाने गिझर लावला, जाईला आत पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

पण त्या दिवशी तिला नुसता आवाज पुरला नाही.

तिने स्विचवर बोट ठेवलं. आणि दाबून धरलं.

"का गं असं केलंस?" मी विचारलं.

"त्याला बंद करायचा असेल तर माझं बोट हलवावं लागेल ना," ती म्हणाली. "मला हात लावावा लागेल."

आत जाईने बादली सरकवली.

अनुया थांबली.

काही झालं नाही.

"आई, शॅम्पू कुठला?"

"निळा."

आणि मग तिच्या बोटावर...

काहीतरी टेकलं. गार होतं. ओलं होतं.

तिने डोळे मिटले. तो स्पर्श हळूहळू जोर करायला लागला, बोट बाजूला सारायला लागला. त्यात मध्येच काहीतरी खरबरीत लागत होतं. चार टाक्यांचा वण. तिने तो ओळखला. 

तिने बोट सोडलं नाही. उलट स्विचवर आणखी घट्ट रेटलं. सोडलं तर तो जाईल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तो जोर वाढला. बोटाचं हाड दुखायला लागलं.

"आई, मी पाणी सोडते हं!"

आणि तिच्या बोटावरचा तो हात एकदम निघून गेला...

पुढच्याच क्षणी घराच्या मुख्य दाराजवळून खाडकन आवाज झाला.

पंखे थांबले. फ्रिज थांबला. लाल दिवा विझला.

सगळं घर गप्प. बाथरूममधून फक्त पाणी बादलीत पडल्याचा आवाज. आणि जाई ओरडली, "आई, लाइट गेली! सो डार्क लाह!"

मुख्य दाराशेजारी भिंतीत विजेची पेटी आहे. तिचं झाकण सताड उघडं होतं. घरभरची वीज तोडणारा मोठा खटका खाली ओढलेला होता. झाकणावर पाण्याचे थेंब होते.

अनुयाने खटका वर केला. तो खाली आला. परत वर केला, परत खाली. तिसऱ्यांदा तिने तो जोर लावून रेटला, तर कुणीतरी पलीकडून धरल्यासारखा तो वरच जाईना.

शेवटी तिने टॅन आंटीला फोन केला. तासाभरात आंटीने लिम अंकलना पाठवलं. साठीचे, लायसन्सवाले, पस्तीस वर्षं हेच काम. त्यांनी खटका वर केला, तर तो एका बोटाने वर गेला आणि तिथेच राहिला. त्यांनी पेटी पाहिली, मग स्टूलावर चढून गिझर उघडला.

आतल्या तारा एकेक करून पाहिल्या. मग हळूच खाली उतरले.

"हू डू धिस?" त्यांनी विचारलं.

"माय हजबंड."

त्यांनी तिला साध्या शब्दांत समजावलं. टाकीतली तार फुटली होती, तिची वीज पाण्यात उतरत होती. म्हणूनच जानेवारीत घराची वीज जायची. धोक्याची सूचना होती ती. सौमित्रने तार बदललीच नव्हती. सूचना देणारा खटका वगळून गिझरला वेगळीकडून वीज दिली होती. वीज जायची थांबली, बिघाड तिथेच राहिला.

"स्विच चालू असताना कुणी पाण्याला हात लावला असता," लिम अंकल म्हणाले, "तर संपलंच. लहान मूल तर नक्कीच." मग त्यांनी जाईकडे पाहिलं. ती टॉवेल गुंडाळून सोफ्यावर बसली होती. "मॅडम, इतके महिने तुम्ही आंघोळ कशी केलीत?"

"स्विच बंद करून."

"रोज? एकदाही विसरला नाहीत?"

अनुयाने जाईचा टॉवेल नीट केला.

जाताना ते पेटीपाशी परत थांबले. म्हणाले, हा मोठा खटका गिझरमुळे आपोआप पडणारा नाही. तो हाताने ओढावा लागतो. ओढला कुणी?

अनुयाने पेटीचं झाकण लावून टाकलं.

शेवटी त्यांनी विचारलं, "एनीथिंग एल्स युअर हजबंड रिपेअर?"

"नो," अनुया म्हणाली.

लिम अंकलनी नवीन गिझर बसवला, सगळी जोडणी नीट करून दिली. सोमवारी सकाळी अनुयाने तो लावला, चालू ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. जाई आंघोळ करून बाहेर आली, तरी लाल दिवा तसाच. मंगळवारी तसाच. पंधरा दिवस ती रोज उभी राहिली. टक् झालं नाही. बंद करायची गरजच उरली नव्हती ना.

हे सगळं तिने मला गेल्या शनिवारी सांगितलं, तिच्या घरी, दुपारी दोनच्या सुमारास. आतल्या खोलीत जाई झोपली होती. तिच्या पलंगाच्या वर छताचा पंखा फिरत होता, जरा करकर करत.

 मी म्हटलं, "जाऊ दे अनुया. त्याने पोरीला वाचवलं. आता तो सुटला असेल."



आणि आतल्या खोलीत...

टक्.

पंख्याची करकर मंदावली. मी उठून दारात गेले. पाती हळूहळू थांबत होती. भिंतीवरचं बटण बंद होतं आणि त्याच्यावरून पाण्याचा एक ओघळ खाली येत होता. जाई गाढ झोपेत.

मला तेव्हा आठवलं. गणपतीत मी इथे आले होते, तेव्हा हा पंखा सौमित्रनेच काढून परत टांगला होता. "बाहेरचा माणूस कशाला?" म्हणत. मीच खाली स्टूल धरून उभी होते!

"अनुया, आत्ताच्या आत्ता लिम अंकलना फोन लाव."

"नको."

"अगं वेडी आहेस का? पोर त्याच्याखाली झोपते!"

"तो बंद करतो ना, ताई," ती म्हणाली. तोच किराणाच्या यादीचा आवाज. मग तिने आत जाऊन बटणावरचं पाणी पदराने पुसलं आणि पंखा परत सुरू केला. "आधी लगेच करायचा. हल्ली जरा वेळ लागतो त्याला. थकला असेल."

आज परत शनिवार. हे मी MRT मध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत बसून लिहितेय, कारण हात रिकामे राहिले तर मला बसवत नाही. बिशानला गाडी बदलली. लिम अंकलना आजचाच वेळ मिळाला, ते अडीचला थेट तिथे येणार आहेत. अनुयाला सांगितलेलं नाही.

तिला सहा फोन केले. उचलत नाहीये.

दोन वाजून दहा मिनिटं झालीत. जाई दोनला झोपते.