कनानी शहराचा भुयारी जिना

हजारो वर्षांपूर्वी, वेढा पडल्यावर, टेकडीवरच्या शहरातले कनानी लोक पाणी कुठून आणत असतील? या प्रश्नाने सुहैलाला कित्येक वर्षं पछाडलं होतं. जेनिनजवळच्या त्या टेकडीच्या पायथ्याशी झरा होता आणि झऱ्यामागे भुयाराचं तोंड. पण ते भुयार वर तटबंदीच्या आत निघतं की मध्येच संपतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तेच शोधायला, ऑलिव्हच्या सुगीत एका सकाळी तिघं आत शिरली : उत्खनन करणारी सुहैला, तिचा थोरला भाऊ मुंझिर आणि जुने गवंडी अबू रागिद. दोघं भावंडं त्यांना अम्मो, म्हणजे काका म्हणत. अम्मोंना दमा होता. पण मागे राहायला त्यांनी साफ नकार दिला.

आधी चिखलातून सरपटणं, मग कंबरेपर्यंत थंडगार पाणी, आणि मग अचानक खडकात कोरलेल्या पायऱ्या! मधोमध झिजलेल्या, घागरी वाहणाऱ्या पावलांनी गुळगुळीत केलेल्या. सुहैला त्यांच्यावर हात फिरवत सावकाश वर चढत राहिली.

तेवढ्यात मागे धप्पकन आवाज झाला. छत खचलं. धूळ उसळली. परतीची वाट बंद!

मुंझिरने माती उपसून पाहिली; जेवढी काढली त्याहून जास्त खाली आली. घरची माणसं संध्याकाळपर्यंत शोधायला येणार नव्हती. धुळीने अम्मोंचा श्वास मात्र आत्ताच घुसमटू लागला होता.

"माझ्याकडे असं बघू नका," अम्मो खोकत म्हणाले. "कफन शिवायला वेळ आहे अजून."

वरच्या बाजूने वाऱ्याची बारीक झुळूक येत होती. तिच्या रोखाने तिघं चढत गेली, तर पायऱ्यांवर दगडांचा ढीग. ढिगात एकच फट, आणि त्या फटीत बरोबर अडकलेला एक रांजण. अख्खा. तोंड मातीने लिंपलेलं, लिंपणावर कुणाच्या तरी बोटांचे ठसे. असा रांजण सुहैलाने आजवर फक्त तुकड्यांतच पाहिला होता.

भोवतालची माती खरवडूनही तो सुटेना. ओढला की वरचे दगड करकरत. मागे अम्मोंचा घरघरणारा श्वास. मुंझिरने हातोडी उचलली आणि तशीच खाली घेतली.

"माझ्याच्याने नाही होणार," तो म्हणाला. "तू मला आयुष्यभर माफ करणार नाहीस."

"दे इकडे."

तिने त्या ठशांवर क्षणभर बोटं टेकवली आणि घाव घातला. रांजण फुटला. आतून कोळसा झालेला गहू भसाभसा वाहू लागला. कुणीतरी इथे दडवलेलं, शहर जळालं तेव्हा धगीने करपलेलं धान्य! त्या काळ्या दाण्यांवरून तिघं एकेक करून पलीकडे घसरली. अम्मोंना दोघांनी बगलेत धरून ओढलं.

वर मुळं लोंबत होती. मुंझिरने पहार मारली, पुन्हा मारली. उजेड!

तिघं बाहेर आली ती एका ऑलिव्हच्या झाडाखाली. फळं झोडपणारी म्हातारी काठी उगारून उभी होती.

"माझ्या बागेत यायला फाटक नाही का?" ती ओरडली. मग अम्मोंचा चेहरा पाहून तिने काठी टाकली आणि त्यांना खोडाशी टेकवून बसवलं.

हळूहळू त्यांचा श्वास मोकळा झाला. सुहैलाने मान वळवली. तटाचे प्रचंड दगड उतारावर, बरंच खाली दिसत होते. म्हणजे ती तिघं तटबंदीच्या आत, शहरात उभी होती.

म्हातारी हात धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"जरा थांबा, खाला," सुहैला म्हणाली. डोक्याचा रुमाल सोडून तिने मांडीवर पसरला, बाह्यांत अडकलेले जळके दाणे त्यात एकेक झटकले, गाठ मारली. मगच तिने ओंजळ पुढे केली.